एकोणीस सेकंद

“अंतर सहा मीटर. आठ सेकंदांच्या आत कापलं, की उद्या घरी,” पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्ट बाई म्हणाल्या. बाकापासून दारापर्यंतच्या फरशीवर त्यांनी दोन निळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

“आणि नाही कापलं तर?” अप्पांच्या मुलानं विचारलं.

“तर आणखी महिनाभर इथेच.”

मुलानं आवाज खाली आणला. “मॅडम, खरं सांगू? महिनाभर राहिले तर बरंच होईल. आम्ही दोघंही नोकरीवाले. शिवाय... आता कुठे घर जरा शांत झालंय.”

बोलून गेला आणि जीभ चावली. वडील चार पावलांवर, बाकावर पाठमोरे बसून बुटाचा पट्टा आवळत होते. अर्धांगवायूनं त्यांचा डावा पाय अधू केला होता, कान नव्हे.

“चला अप्पा, तुमच्या नेहमीच्या चालीनं,” म्हणत बाई स्टॉपवॉच घेऊन त्यांच्या मागे निघाल्या. मागेच राहायचं असतं. पुढे कुणी चाललं की पेशंट त्याच्याच चालीनं चालायला बघतो.

काठी टेकत अप्पा चालले. कसले चालले! डावा पाय नुसता फरफटत होता, गोगलगाय परवडली. एकोणीस सेकंद.

“अहो, सोमवारी तर नऊ होते!” बाई चक्रावल्या.

“आज अंगात त्राणच नाही बघा,” अप्पा म्हणाले आणि परत बाकावर जाऊन टेकले.

मुलाला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली. पण ती मागाहून, आधी हायसंच वाटलं. “येतो अप्पा,” म्हणून त्यानं काढता पाय घेतला.

दारापाशी पोचतो तोच मागून काठीची टकटक आली. भराभर. दोन्ही पट्ट्या ओलांडून अप्पा येत होते, हातात त्याच्या गाडीची किल्ली.

“अरे वेंधळ्या, बाकावर विसरलास. बाहेर खिसे चाचपत बसला असतास!”

बाईंचा अंगठा सवयीनं घड्याळावर पडला होता. “सात,” त्या म्हणाल्या. “अप्पा, सात सेकंद!”

मुलाचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला झालं. ‘चला घरी’, दोनच तर शब्द होते. पण ते काही तोंडातून फुटेनात.

अप्पांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

“ते राहू द्या हो, मॅडम. तुम्ही मघाचेच एकोणीस लिहा.”

मग ते वळले. पहिली पट्टी आली तसा त्यांनी पुन्हा पाय ओढायला घेतला. या वेळी उजवा.