दोन पानी माफी

“लिवलंय तेवढंच वाच, सोमू. एक अक्षर इकडचं तिकडं करू नगंस,” ईरप्पा मुलाच्या कानाशी पुटपुटले.

“व्हय, आप्पा,” सोमेश म्हणाला, आणि पायऱ्या चढून माइकसमोर उभा राहिला.

सन दोन हजार दोनची सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन नुकतेच आटोपले होते. कोल्हापूरबाहेरच्या त्या सूतगिरणीच्या पटांगणात सगळी कामगार वसाहत बायकामुलांसह बसली होती. व्यासपीठावर चेअरमन बाळासो फेटा बांधून विराजमान झाले होते. सोमेशच्या हाती दोन पानी माफीनामा होता. तो वाचला, तर ईरप्पांची नोकरी आणि वसाहतीतली खोली शाबूत राहणार होती. न वाचला, तर एक तारखेस दोन्हीही जाणार होत्या. ईरप्पांच्या निवृत्तीला अवघी दोन वर्षे उरली होती.

अपराध एका गाण्याचा होता. सोमेश रॅप करीत असे. चौदाव्या वर्षी महाद्वार रोडवर त्याला एक इंग्रजी कॅसेट गवसली. अर्थाचा गंधही नसताना ती त्याने मुखोद्गत केली. टोपी उलटी घालून, नाकातून बोलून तो अमेरिकेचा झाला. पुढे दोन वर्षे ऑर्केस्ट्रातल्या एका मित्राच्या कीबोर्डवर तो मुंबईच्या हिंदीत गुरगुरला. वसाहतीतली पोरे पोट धरधरून हसत. “भावा, ह्ये कुठल्या गावचं म्हणायचं?” असे विचारीत. 

मग गेल्या वर्षी वसाहतीत काविळीची साथ आली. त्याची धाकटी बहीण शांभवी महिनाभर अंथरुणाला खिळली. त्या दिवसांत त्याने गिरणीच्या खिडकीशी टेपरेकॉर्डर धरून सूत कातणाऱ्या साच्यांची घरघर भरून घेतली. तिच्या तालावर, घरी बोलतात त्या कानडी हेलाच्या मराठीत, त्याने पिण्याच्या पाण्याचे गाणे म्हटले. कॅसेटवर नाव घातले नाही. एकाकडून दुसऱ्याने तिची नक्कल उतरवून घेतली, दुसऱ्याकडून तिसऱ्याने. चहाच्या गाड्यावर ती दिवसभर वाजू लागली. इतकी वर्षे तो परक्याच्या आवाजात गायला, तेव्हा त्याला कोणी विचारले नव्हते. स्वतःच्या आवाजात गायला आणि आठ दिवसांत सापडला.

माफीनामा हेडक्लार्क मृत्युंजयरावांनी लिहिला होता. माणूस अत्यंत काटेकोर. मोघम माफी कायद्यापुढे टिकत नाही, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून गाण्यातला आरोपन् आरोप त्यांनी निराळा मांडला होता, आणि प्रत्येकाला एकच शेपूट जोडले होते.

सोमेशने घसा खाकरला. “मी, खाली सही करणार, सोमेश ईरप्पा हुक्केरी, वय वर्षे एकोणीस, धंदा काही नाही, असे जाहीर लिहून देतो की...” आवाज शाळकरी होता. मान खाली होती. ही विटंबना लवकर संपावी, एवढीच त्याची इच्छा होती.

“कलम अ. टाकीचे झाकण तीन वर्षे उघडले नाही, असे मी म्हटले, ते खोटे आहे. कलम ब. नळाच्या पाण्यात अळ्या वळवळती, असे मी म्हटले, ते खोटे आहे.”

तो थबकला. पुढचे वाक्य त्याने डोळ्यांनी चाळले. तेही तेवढ्याच मापाचे होते. त्याच्या पुढचेही. आपलेच गाणे कचेरीचा कोट घालून आपल्यासमोर उभे आहे, हे त्याच्या ध्यानी आले. सुट्टीमुळे साचे बंद होते. त्याने माइकवर बोटाने ठोका दिला. टक. टकटक. त्याची मान वर झाली.

“कलम क! संचालकांच्या बंगल्याला, पाणी निराळे, नळ निराळा! असे मी म्हटले... ते खोटे आहे! कलम ड! पोरे पिवळी, डोळे पिवळे, दवाखान्याची खाट भरली! असे मी म्हटले...”

तिसऱ्या रांगेत तानाबाई बसली होती. तिच्या नातवाची दिवाळी सलाइनवर गेली होती. ती ताडकन उठली.

“खोटं हाय!” ती कडाडली.

पटांगण खदखदून हसले. पुढच्या कलमाला अर्धी वसाहत ओरडली. त्याच्या पुढच्या कलमाला सगळी. “खोटं हाय! खोटं हाय!” टाळ्या तालात पडू लागल्या. कोणीतरी शिट्टी हाणली. कोणाच्या तोंडाकडे पाहावे, हे ईरप्पांना उमजेना.

“बास! बास झालं! उतर खाली!” बाळासो गरजले.

“साहेब, अजून एक पान हाय की,” सोमेश अदबीने म्हणाला. “अर्धी माफी चालंल व्हय तुमास्नी?”

बाळासोंनी गर्रकन मृत्युंजयरावांकडे पाहिले. ते कार्बनप्रतीवर पेन्सिल ठेवून प्रत्येक ओळ ताडून पाहत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“साहेब,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “पोरगं लिवल्याबरहुकूम वाचतंय. काना-मात्रेचाबी फरक न्हाय.”

सोमेशने दुसरे पान शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचले. सही केली. वाकून कागद चेअरमनच्या हाती दिला. ठरल्याप्रमाणे माफी मागून झाली होती. ईरप्पांची नोकरी राहिली. खोलीही राहिली.

दुपारी नळावर मुली घागरी बडवीत कलमे म्हणत होत्या. रविवारी ती मुरगूडला जाणाऱ्या एसटीत ऐकू आली. सोमवारी पहिल्या पाळीचे कामगार आले, तेव्हा गिरणीच्या फाटकावर मृत्युंजयरावांच्या वळणदार अक्षरात नवी सूचना झळकत होती.

‘सदर माफीनामा वसाहतीत कोणीही मोठ्याने म्हणू नये. तसे आढळल्यास संबंधितास जाहीर माफी मागावी लागेल.’