विझलेले ठिपके

थोरल्या नातीचं लग्न झालं त्या साली तालुक्याच्या दवाखान्यात मेंदूतला आनंद दाखवणारं यंत्र आलं. हात थरथरतात म्हणून केरबांना त्यात निजवलं. शिरेतून किरणोत्सारी औषध दिलं आणि घरच्यांना एकेक करून माइकवर बोलायला सांगितलं.

विधवा भावजय हौसाबाई म्हणाल्या, "भावजी, घाबरू नका." पडद्यावर मेंदूतले ठिपके झगझगीत राहिले.

मग बायको अनसूया म्हणाली, "अहो, चहा आणलाय." ठिपके फिके पडत विझले.

"उजेड सगळा जाऊबाईंसाठी, माझ्या वाट्याला अंधार!" असं म्हणून ती डॉक्टरांना न भेटताच घरी आली.

त्या दिवसापासून चहाचा कप ती हौसाबाईंच्या हाती देऊ लागली. "तुम्हीच न्या. तुमचा गोड लागतो त्यांना."

केरबा विचारायचे, "अगं, तू का येत नाहीस?" ती भांडी आपटायची.

श्रावणात डॉक्टर बाजारात भेटले. अनसूयानं मनातलं विचारलंच.

"आजी, औषध मेंदूतल्या रिकाम्या जागी बसून चमकतं. माणूस हरखला की त्या जागा आनंदानंच भरतात, औषधाला थारा उरत नाही, ठिपका विझतो. तुमच्याच आवाजानं विझला तो."

केरबा आषाढी अमावास्येला वारले होते.