ठिपक्यांआडचा भटू

सत्याऐंशी साली धरणात बुडणाऱ्या मित्राला वाचवताना भटू गेला. त्याचा एकच फोटो होता, कुस्ती जिंकल्यावर पेपरात छापलेला. धुळ्याच्या स्टुडिओत तो मोठा केला, तर चेहऱ्याऐवजी छपाईचे ठिपकेच दिसले. कात्रण घेऊन त्याची आई भिकुबाई कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या देवरे मॅडमकडे आली. “ताई, मना पोरगाना चेहरा माले आते याद येत नही.” “अक्का, ठिपके मी गाळून टाकते. भटू दिसेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी कात्रणाची फिल्म केली, काजळी धरलेल्या काचेवर सुईनं टिंब खरवडलं आणि फिल्ममधून लेझरचा प्रकाश भिंगानं टिंबावर आणला. ठिपक्यांचा प्रकाश बाजूला फाकून काजळीत अडला, चेहऱ्याचा तेवढा मधल्या टिंबातून पलीकडे गेला. भिंतीवर भटू हसत होता. गालावरून हात फिरवायला भिकुबाई पुढे झाली, तर तो चेहरा तिच्या तळहातावरच उतरला. “हाऊच शे मना भटू.”