लेकीसमोर धरलेला मोबाईल

मार्गासनीतल्या घरात रेंज नसल्यानं अंजुमची मुलाखत गच्चीवर चालली होती. दिल्लीच्या नावाजलेल्या कॉलेजातल्या प्रवेशाची ही शेवटची पायरी होती. मोबाईल हलू नये म्हणून जलाल तो दोन्ही हातांनी लेकीसमोर धरून उभा होता. पलीकडच्या बाईंनी हिंदीत घरच्यांबद्दल विचारलं. अंजुम मोबाईलकडं बघत म्हणाली, "मी दहावीत असताना अब्बा वारले." मौतीची खबर कानावर आली की जलालच्या तोंडून आपसूक 'इन्ना लिल्लाह' निघायचं. आत्ताही 'इन्ना' निघालंच. पुढचं त्यानं गिळलं. "तिथं कोण आहे?" बाईंनी विचारलं. "कुणी नाही," अंजुम म्हणाली. जलालनं मोबाईल हलू दिला नाही. मुलाखत संपल्यावर ती खालमानेनं म्हणाली, "क्लासच्या सरांनी सांगितलेलं, अब्बा. बिनबापाची पोर म्हटलं की चान्स वाढतो." जलालनं मोबाईल तिच्या हातात दिला. "मग हॉस्टेलला सोडाय तुझ्या मामूला धाडतो."