घोडदळाचा तळ

परीक्षानळीतलं पाणी गडद निळं झालं, तसे मृदाशास्त्राचे प्राध्यापक ताम्हणकर बांधावरच बसले. "एवढं फॉस्फेट म्हणजे इथं हजारो जनावरांचा मुक्काम असणार," ते म्हणाले.

वनस्पतिशास्त्राच्या शिंत्रे मॅडमनी तणाची जुडी पुढे केली. हे तणही जनावरं बसलेल्या जागीच माजतं म्हणे. इतिहासाच्या गोगटे सरांचे डोळे भरून आले. बखरीतल्या लढाईचा घोडदळाचा तळ ते अकरा वर्षं शोधत होते. त्यासाठीच तर त्यांनी दोन परक्या विभागांच्या मिनतवाऱ्या केल्या होत्या.

शेताच्या मालकीण हौसाबाई चहाची किटली घेऊन आल्या. "घोडी कुठली, सर? दर दिवाळीनंतर आम्ही धनगराची मेंढरं बसवतो इथं, लेंडीखतासाठी. सासऱ्यांच्या वेळेपासून."

मग सरांनी वही मिटली. "म्हणजे इथं लढाई झालीच नाही."

"झाली की. मेंढरं आधी कुणाच्या रानात बसवायची, यावरून. थोरल्या दिरांनी काठी हाणली, ही बघा खूण." हौसाबाईंनी कोपर पुढे केलं. "निम्मं गाव त्यांच्याकडून, निम्मं आमच्याकडून. तीन दिवस चालली."

शिंत्रे मॅडम जवळ सरकल्या. ताम्हणकरांनी विचारलं, "मेंढरं किती होती?"

सरांनी वही पुन्हा उघडली. "आणि तह कधी झाला?"

"तह कुठला? यंदाची मेंढरं परवा येतायत," हौसाबाई कपात चहा ओतत म्हणाल्या. "थांबा की."