अनोळखी भाषा

रिफतने थालीपिठाचा पहिला घास तोंडात घातला आणि अनयच्या आईने, विभावरीबाईंनी विचारलं, "तो बेटा, मॅच कौन जिता?"

रिफतने अनयकडे पाहिलं. अनयने पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाने घाईघाईने लोणी वाढायला घेतलं, कारण नवऱ्याच्या वतीने खोटं बोलायची तिची तयारी असली तरी फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं.

"ड्रॉ हुआ, आंटी," रिफत म्हणाला.

"और तुम्हारा पाँव?"

"पाँव भी... उसी में हुआ."

अनय दोह्यातल्या एका वृत्तवाहिनीत कॅमेरामन होता. तो खेळाच्या विभागात आहे, असं नाशिकला आईला सांगून ठेवलेलं होतं. एसी स्टेडियम, हिरवीगार मैदानं, आणि धोका म्हणजे फार तर चेंडू अंगावर येण्याचा. खरं तर तो आणि हैदराबादचा वार्ताहर रिफत सुदानच्या युद्धात हिंडत होते. पाठीवर 'प्रेस' लिहिलेलं जाकीट घालायचं की काढायचं, हा तिथे रोज सकाळचा प्रश्न असे. घातलं तर नेम धरायला सोपं, काढलं तर हेर म्हणून पकडणार.

मागच्या खेपेला त्यांच्या डोळ्यांदेखत एका इस्पितळावर तोफगोळा पडला. अनयने ते टिपलं. रिफतच्या पायात लोखंडाचा तुकडा घुसला, अनयचा हात सोलवटला. ज्यांनी गोळा डागला त्यांनी लगेच जाहीर केलं की ही फिल्म स्टुडिओत बनवलेली आहे. नाक्यावर रिफतला अडवून त्यांनी तसं कॅमेऱ्यासमोर कबूल करायला सांगितलं. डोक्याला बंदूक लावली होती, तरी तो नाही म्हणाला. रात्रभर डांबून सकाळी त्याला का सोडलं, हे त्यालाही कळलं नाही. तोच रिफत आता दोह्यात, अल थुमामातल्या अनयच्या फ्लॅटमध्ये, न झालेल्या मॅचपायी घामाघूम झाला होता.

उद्या दोघांना परत जायचं होतं. इस्पितळातले वाचलेले लोक बोलायला तयार होते. फिल्म खरी की खोटी, ते त्यांच्याच तोंडून जगाला ऐकवायचं होतं. आणि नेमकी आत्ताच आई येऊन थडकली होती. कधी एकटीने विमानात न बसलेली बाई परवा विमानतळावर उतरली आणि फोन करून म्हणाली, "घ्यायला ये." अनयची पाचावर धारण बसली. आईने एकदा 'नको' म्हटलं की ते मोडणं त्याला आजवर जमलं नव्हतं. म्हणून पूर्णिमाने घरात बातम्या बंद केल्या होत्या, लेकीला, गार्गीला दटावून ठेवलं होतं, आणि टीव्हीवर दिवसभर कार्टून चालू होतं.

"ड्रॉ म्हणजे किती-किती रे?" आईने आता अनयला विचारलं.

"शून्य-शून्य," अनय म्हणाला.

"दो-दो," त्याच क्षणी रिफत म्हणाला.

"आजी, दे आर सो बॅड अ‍ॅट धिस," गार्गी म्हणाली आणि पूर्णिमाची नजर चुकवत तिने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

विभावरीबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि चष्मा लावला.

"खलास," त्या म्हणाल्या. इथे अरबीत उठसूट 'पुरे' म्हणून वापरला जाणारा हा शब्द त्यांनी आल्या आल्या नातीकडून उचलला होता. "पुरे झाला तुमचा फुटबॉल."

त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला आणि फिल्म लावली. इस्पितळाची भिंत, मग धूर, मग किंकाळ्या. कॅमेरा जमिनीवर आडवा पडला. ही फिल्म जगभर गेली होती. खाली रिफतचं नाव होतं; कॅमेरा कुणाच्या हातात होता ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि अनयला ते सोयीचंच वाटलं होतं. धुरात कॅमेऱ्याच्या मागे, अगदी जवळून, कुणीतरी ओरडलं. इंग्रजी सबटायटलमध्ये आलं, 'अनोळखी भाषेत आरडाओरडा'.

मोबाईलमधून मात्र स्पष्ट ऐकू आलं, "आई गं!"

विभावरीबाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला.

"शेजारच्या मीनाकडे बातम्यांत ऐकलं मी हे," त्या म्हणाल्या. "ती म्हणाली, काहीतरी अरबी ओरडतोय. मी म्हटलं, अगं, हा माझा अनय आहे."

आपण ओरडलो होतो, हे अनयला आठवतही नव्हतं. त्याला एकदम रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"आई, तू नको म्हणालीस तर उद्या मी जात नाही."

"जा की. ते धडधडीत खोटं बोलतायत, तर खरं सांगायला कुणीतरी जायलाच हवं. मी काही तुला अडवायला आले नाही."

"मग एवढी एकटीने, न कळवता का आलीस?"

विभावरीबाईंनी त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं.

"एवढ्या लांबून हाक मारलीस. ओ द्यायला नको?"