गोळी घेऊन आलेला रुग्ण

३ मार्च २०२५, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. कंबरदुखीवरील उपचाराची पाचवी खेप. साखर कारखान्यात एकतीस वर्षे बॉयलर सांभाळलेले लोहोकरे टेबलावर पालथे पडले होते. मणक्यांवर हाताने उपचार करणाऱ्या शमाताई कमरेवर बोट दाबत विचारत होत्या, "इथे दुखतंय, काका?"

"मुळीच नाही. तुमच्या हाताला यश आहे, ताई."

शेजारी बसलेल्या पत्नीला राहवले नाही. "कसलं यश! निघताना दुखणं मारणारी ती अफूच्या जातीची गोळी घेतलीय. आधी दिवसाला दोन होत्या, आता चार लागतात. वर मलाच म्हणतात, बोलू नकोस."

शमाताईंनी हात मागे घेतला. "काका, तुम्ही कळवळता त्यावरूनच मला जागा कळते. दुखणं झाकून आलात, तर भलतीकडेच जोर लागायचा. आज मी हात लावणार नाही."

लोहोकरे उठून बसले. कारखान्यात असताना, बॉयलरच्या दाबमापकाचा काटा धोक्याच्या रेघेपलीकडे गेला म्हणून त्यावर फडके टाकणाऱ्या एका कामगाराला त्यांनी भर पाळीत घरी पाठवले होते. आज त्याचा चेहरा आठवला आणि त्यांची मान खाली गेली.

"गोळी चुकली की हात थरथरतात," ते हळूच म्हणाले. "भीती वाटते."

"मग एकदम सोडायची नाही. डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करायची," शमाताई म्हणाल्या.

एकोणीस मे रोजी लोहोकरे कण्हत, कठड्याला धरून दवाखान्याचा जिना चढले. मागून येणाऱ्या पत्नीच्या चेहऱ्यावर समाधान होते. त्या दिवशीच्या गोळ्या : शून्य.